निअर डिटेक्टर असताना न्यूट्रिनो प्रयोगांत अणुकेंद्रकाच्या मॉडेलची अनिश्चितता का उरते?

तुमचा तर्क असा की झोताच्या उगमाजवळचा ‘निअर’ आणि शेकडो किलोमीटर दूरचा ‘फार’ (far), या दोन्ही डिटेक्टरांत न्यूट्रिनोची टक्कर होते ती सारख्याच अणुकेंद्रकांशी, मग गुणोत्तर घेतलं की मॉडेलमधली चूक कटायला हवी. काही अंशी कटते. उरते ती मात्र खुद्द दोलनामुळेच, म्हणजे न्यूट्रिनो वाटेत एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात त्यामुळेच, उरते. मी रत्नागिरीत शिकवतो आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोलनाची शक्यता अंतर भागिले ऊर्जा यावर ठरते. अंतर पक्कं माहीत असतं: जपानच्या टी२के प्रयोगात २९५ किलोमीटर, अमेरिकेतल्या नोव्हात ८१०, म्हणजे आपल्या रोहा-ठोकूर रेल्वेमार्गाहूनही लांब. ऊर्जेचं तसं नाही. झोतात कमीजास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो मिसळलेले असतात, आणि टकरीतून जे बाहेर पडलं त्यावरून मूळ ऊर्जा ताडावी लागते. टी२केत म्युऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा) संवेग आणि कोन मोजतात, न्यूट्रिनो एका स्थिर न्यूट्रॉनवर आदळला असं धरतात आणि सूत्र लावतात.

पण पाण्याने भरलेल्या फार डिटेक्टरातल्या ऑक्सिजनच्या केंद्रकात स्थिर न्यूट्रॉन नसतोच. तो फिरत असतो, बांधलेला असतो. टकरीत तयार झालेला पायॉन हा हलका कण कधी केंद्रकातच शोषला जातो. पण सगळ्यांत त्रासदायक आहे ती न्यूक्लिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची) जोडी. अमेरिकेतल्या मिनीबून प्रयोगाने कार्बनवर मोजलेल्या टकरी जुन्या मॉडेलपेक्षा बऱ्याच जास्त भरल्या होत्या. न्यूट्रिनो कधी कधी दोन न्यूक्लिऑनांच्या जोडीवर आदळतो आणि दोन्ही बाहेर फेकले जातात, हे मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं तेव्हा या वाढीचा उलगडा होऊ लागला. अशा टकरीला एका न्यूट्रॉनचं सूत्र लावलं की ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी निघते.

आता तुमचं गुणोत्तर. तुम्ही मालवणचे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना पाहिली असेलच. दोन किनाऱ्यांवर सारख्याच आसाच्या, म्हणजे सारख्याच भोकांच्या, रापणी ओढल्या आणि दोन्हीकडे लहानमोठ्या मासळीचं प्रमाण तेच असलं, तर आसातून निसटलेल्या मासळीचा हिशेब गुणोत्तरात कटतो. एका किनाऱ्यावर बारीक मासळीच कमी असेल, तर पहिल्याचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. दोलन नेमकं हेच करतं. टी२केच्या निअर डिटेक्टरात ०.६ गिगाइव्ही (ऊर्जेचं एकक) याच्या आसपास न्यूट्रिनोंच्या संख्येचं शिखर असतं. सुपर-कामिओकांदेत, म्हणजे टी२केच्या फार डिटेक्टरात, त्याच जागी खळगा, कारण त्या ऊर्जेचे म्युऑन-न्यूट्रिनो वाटेत रूप बदलून गेलेले असतात. जोडीवर आदळलेला जास्त ऊर्जेचा न्यूट्रिनो चुकीच्या सूत्रामुळे या खळग्यात येऊन पडतो. निअर डिटेक्टरात असेच प्रसंग शिखराखाली झाकले जातात, दिसतच नाहीत. खळग्याच्या खोलीवरून थीटा-२३ हा मिश्रणकोन (न्यूट्रिनोंचे प्रकार एकमेकांत किती मिसळतात ते सांगणारा) काढतात, तेव्हा चूक सरळ कोनात शिरते.

न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या दोलनांत फरक आहे का, या प्रश्नात तर आणखी गुंता आहे. दोघांची केंद्रकाशी वागणूक मुळातच वेगळी. शिवाय फार डिटेक्टरात इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो शोधायचे असतात आणि निअरमध्ये ते अगदी थोडे.

उपाय चालू आहेत. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या इलेक्ट्रॉन झोताची ऊर्जा आधीच माहीत असते, म्हणून त्या विदेवर (डेटावर) न्यूट्रिनोंची पद्धत तपासता आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात बऱ्याच टकरींची ऊर्जा चुकीची निघाली. अमेरिकेतल्या येऊ घातलेल्या ड्यून प्रयोगात आर्गॉन वापरणार आहेत, ४० न्यूक्लिऑनांचं केंद्रक, कार्बनपेक्षा कितीतरी अवघड. तिथे निअर डिटेक्टर झोताच्या अक्षापासून बाजूला सरकवून ऊर्जेचे वेगवेगळे वर्णपट घ्यायची योजना आहे. त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून फार डिटेक्टरासारखा वर्णपट उभा करता येतो, आणि तुमचं गुणोत्तर पुष्कळ अंशी खरं ठरू शकतं. मला हा मार्ग सर्वांत आश्वासक वाटतो, कारण तो मॉडेलवर कमीत कमी विसंबतो.

केंद्रकाच्या भौतिकीला ‘मधला अडथळा’ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. तुम्हाला एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय हवा आहे ना? जीनी हा सिम्युलेशन प्रोग्रॅम मोफत मिळतो. एकाच ऊर्जेचे न्यूट्रिनो कार्बनवर आणि आर्गॉनवर सोडा, सूत्राने ऊर्जा काढा आणि खऱ्या ऊर्जेशेजारी तिचा आलेख मांडा. मग जोडीच्या टकरी बंद करून तोच आलेख पुन्हा काढा.