सिकलसेलचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध आफ्रिकेतल्या गरीब मुलांवर प्रयोग करून आणलंय का? तीन वर्षांच्या मुलीला द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भाचीचा रिपोर्ट एसएस आला आहे, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक तिला दोन्ही पालकांकडून मिळालंय, आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू करायला सांगितलंय. पण हे कॅन्सरचं औषध आहे आणि आफ्रिकेतल्या मुलांवर त्याचे प्रयोग झालेत, असं घरात कुणीतरी वाचलं आणि आता आजी-आजोबा नको म्हणताहेत. मी विदर्भात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. ओपीडीत हा प्रश्न सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅन्सरचं औषध हे खरं आहे. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये ते वापरतात, पण सिकलसेलमध्ये ते वेगळ्याच कारणासाठी देतात. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि सिकलसेलचा त्रास तेव्हाच सुरू होतो. हातापायाची बोटं अचानक टम्म सुजतात, बाळ हात लावू देत नाही, रात्रभर किंचाळतं. हायड्रॉक्सियुरियामुळे हे एफ हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण कमी होतं.

आता प्रयोगांबद्दल. हे औषध आधी आफ्रिकेत तपासलं गेलं, हा समज चुकीचा आहे. मोठ्या माणसांवरची महत्त्वाची चाचणी अमेरिका आणि कॅनडात झाली आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. तान्ह्या बाळांवरची चाचणी अमेरिकेतली, तिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. म्हणजे अमेरिकेतल्या मुलांना औषधाचा फायदा होतो हे ठाऊक असताना आफ्रिकेतली मुलं त्याशिवायच राहत होती. जगात दरवर्षी सिकलसेल घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात, आणि उपचार न मिळाल्याने त्यातली निम्म्याहून अधिक पाच वर्षांची होण्याआधीच दगावतात असा अंदाज आहे. मला विचाराल तर खरा अन्याय हा होता.

तिकडे औषध द्यायला डॉक्टर कचरत होते त्याचं कारण मलेरिया. हायड्रॉक्सियुरियाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. जिथे मूल वारंवार मलेरियाने तापतं, पोषण बेताचं आहे आणि रक्त तपासायची सोय लांब आहे, तिथे हे औषध जिवावर तर उठणार नाही? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत मिळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे मलेरिया जवळजवळ नाहीच.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्याकडेही आहे. सिकलसेलवाल्यांना मलेरिया होत नाही असं लोक म्हणतात. ज्याला एकाच पालकाकडून सिकलचं जनुक मिळालंय, म्हणजे एएस, त्याला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून 1954 मध्ये हे मांडलं. एसएस मुलाला हे संरक्षण कामी येत नाही. त्याचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठवर असतं, मलेरिया झाला की ते झपाट्याने कोसळतं आणि मूल हातचं जातं.

म्हणून युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात 1 ते 4 वर्षांच्या 208 मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषधाने मलेरिया वाढतो की नाही हे खरोखरच कुणाला माहीत नव्हतं, म्हणून अशी तुलना करणं योग्य होतं असं माझं मत आहे. 2017 मध्ये निष्कर्ष आले. मलेरियाच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता आणि औषधवाल्या मुलांचा त्रास कमी झाला होता.

त्यानंतरचं मोठं काम म्हणजे ‘रीच’ हा अभ्यास. अंगोलात लुआंडा, काँगोत किन्शासा, केनियात किलिफी आणि युगांडात म्बाले, अशी चार केंद्रं. 1 ते 10 वयाच्या 606 मुलांना औषध दिलं, त्यात खोटी गोळी कुणालाच नव्हती. 2019 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेले आकडे मी पालकांना कागदावर लिहून दाखवतो. 100 मुलांमागे वर्षाला दुखण्याचे झटके 98 वरून 45 वर आले. रक्त चढवायची वेळ 43 वरून 14 वर. मृत्यू 3.6 वरून 1.1 वर. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो मलेरिया 47 वरून 23 वर, म्हणजे निम्म्यावर आला. एक मर्यादा सांगायलाच हवी. ही तुलना त्याच मुलांच्या औषधाआधीच्या थोड्या काळाशी आहे, समोर दुसरा गट नव्हता. तरी युगांडाच्या चाचणीसोबत वाचलं तर मला शंका उरत नाही. रक्त चढवण्याचा आकडा तर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जिथे रक्तपेढीत रक्तच नसतं, तिथे रक्त लागलंच नाही तर मूल वाचतं.

पुढे कंपालातच कमी आणि वाढत्या डोसची तुलना झाली. वाढत्या डोसवाल्या मुलांना इतका स्पष्ट फायदा दिसला की देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवली. ते 2020 मध्ये छापून आलं.

उलटं उदाहरणही तुमच्या घरच्यांना सांगा. व्होक्सेलोटर नावाचं सिकलसेलचं नवं औषध 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नंतर आफ्रिकेतल्या देशांसह बऱ्याच ठिकाणच्या मुलांवर चाचणी सुरू असताना औषधाच्या गटात 8 आणि दुसऱ्या गटात 2 मृत्यू झाल्याचं पुढे आलं. काही मृत्यूंमागे मलेरियासह संसर्ग होते. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतलं. अमेरिकेत पास झालेलं औषध किलिफीत किंवा गडचिरोलीत तसंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून ज्या मुलांना आजार आहे, त्यांच्याच मुलखात, पालकांची संमती घेऊन आणि सुरक्षिततेवर स्वतंत्र समितीची नजर ठेवून चाचणी व्हायला हवी. गडचिरोली तर महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे आफ्रिकेतले हे आकडे आपल्या फार जवळचे आहेत.

डोस मात्र तिकडचा उचलून इकडे लावू नये. आपल्याकडच्या बऱ्याच एसएस मुलांमध्ये एफ हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात मुलांना किलोमागे 10 मिलिग्रॅम या कमी डोसनेही चांगला फायदा दिसला होता. आफ्रिकेत सुरुवातच 15 ते 20 ने झाली होती. भाचीचा डोस तिच्या वजनावर आणि रिपोर्टवर डॉक्टरच ठरवतील.

द्यावं का, असं विचारलंत. डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलंय, तर माझं उत्तर हो. सुरुवातीला दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, चुकवू नका. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली गेल्या तर डॉक्टर काही दिवस औषध थांबवतात आणि पेशी बहुतेक वेळा पुन्हा वर येतात. कॅप्सूल घरी उघडून अंदाजाने अर्धी करू नका, लहान मुलांसाठी कसं द्यायचं ते विचारून घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते हाताळू नये.

पेनिसिलिन आणि न्यूमोकोकस या जंतूवरची लस यांबद्दलही विचारा. या मुलांची पाणथरी (प्लीहा, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकस काही तासांत जीव घेऊ शकतो. आफ्रिकेतल्या मुलांना याची गरज नाही असं काही जण म्हणायचे. किलिफीच्याच संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की तिथेही रक्तात सापडणारे जंतू तेच आहेत. तेव्हा ताप आला तर हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि मलेरियाची तपासणी मागून घ्या.