लॅब्रॅडॉरला खाऊ म्हणून कोणती बिस्किटे द्यावीत आणि दिवसाला किती?

आपण विचारले आहे की, दीड वर्षाच्या लॅब्रॅडॉरला शिकवताना खाऊ म्हणून दुकानातली कोणती बिस्किटे द्यावीत, दिवसाला किती द्यावीत, आणि घरात आपल्यासाठी आणलेल्या बिस्किटांतले एखादे दिले तर चालते का. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यावरून माझ्यात आणि माझ्या धाकट्या दिरांत सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. चालत नाही. ग्लुकोजचे नाही, मारी नाही, खारी नाही. ‘डायजेस्टिव्ह’ हे नाव ऐकून उगाच निर्धास्त वाटते म्हणून तेही नाही. आणि ‘शुगर फ्री’ तर कोणत्याही परिस्थितीत नाही.

आमची भुरी ही गावठी कुत्री आहे. वजन बारा किलो, नसबंदी झालेली, आणि चहाची वेळ झाली की टेबलाखाली हजर. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे भाऊजी मुंबईहून येताना त्यांच्यासाठी शुगर फ्री बिस्किटे घेऊन येतात. कुत्र्यांना साखर वाईट, एवढे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि त्यावरून ज्यात साखर नाही ते कुत्र्यांसाठी उत्तम, असा निष्कर्ष त्यांनी स्वबळावर काढला. एका संध्याकाळी सगळे गप्पांत रमलेले असताना त्यांनी जवळजवळ अख्खे पाकीट टेबलाखाली रिते केले. मला कळले ते कपबशा उचलताना, भुरीच्या मिशांना लागलेला चुरा पाहून. “अहो वहिनी, साखर नाही म्हणूनच तर दिली,” हे त्यांचे त्यावरचे उत्तर.

साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत झायलिटॉल नावाचा एक पदार्थ आहे. माणसाला तो बाधत नाही, पण कुत्र्याच्या पोटात गेला की त्याचे स्वादुपिंड भराभर इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर कोसळते, कुत्रा झिंगल्यासारखा चालू लागतो आणि त्याला झटके येऊ शकतात. मात्रा जास्त असेल तर यकृत निकामी होते. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही रक्तातली साखर उतरू शकते, म्हणजे भुरीला सव्वा ग्रॅम पुरेसे होते. लक्षणे कधी अर्ध्या तासात दिसतात, कधी कित्येक तासांनी, त्यामुळे ‘बघू या काय होते ते’ म्हणून बसून राहण्याची सोय नसते.

पाकीट ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले होते. ते काढले, त्याला चिकटलेला चहाचा चोथा पुसला आणि ट्यूबलाइटखाली धरले. आपल्याकडे घटकांच्या यादीत गोडी आणणाऱ्या पदार्थाचे नाव असतेच असे नाही, बरेचदा नुसता क्रमांक असतो. झायलिटॉलचा क्रमांक ९६७, माल्टिटॉलचा ९६५, सॉर्बिटॉलचा ४२०. या पाकिटावर ‘स्वीटनर’ या शब्दापुढे ९ आणि ६ एवढेच दिसत होते, आणि शेवटचा आकडा नेमका पाकिटाच्या मागच्या शिवणीत दुमडला गेला होता. एका हाताने डॉक्टरांना फोन लावून दुसऱ्या हाताने आणि दातांनी मी ती शिवण उकलली. ९६५ निघाला. डॉक्टरांनी सांगितले की माल्टिटॉलने जीव जात नाही, परंतु एवढ्या प्रमाणात पोटात गेले आहे तर रात्रभर जुलाब होतील. पाणी भरपूर ठेवा आणि सुस्ती किंवा लटपट दिसली तर लगेच घेऊन या. त्याच पाकिटावर, त्याच बारीक अक्षरात, पॉलिऑलमुळे (माल्टिटॉल हा त्यातलाच एक) जुलाब होऊ शकतात असा इशारा छापलेला होता, आणि तो तर माणसांसाठी होता. रात्रभर मी गॅलरी धुतली. भाऊजी झोपले. सकाळी चहा घेताना त्यांनी जे वाक्य उच्चारले ते मी आजही विसरलेले नाही: “बघा, काही झालं नाही ना?”

माझा राग बिस्किटांपेक्षा या वाक्यावर आहे. काही झाले नाही ते एका आकड्याच्या फरकामुळे, आणि तो आकडा भाऊजींनी वाचलेला नव्हता. ‘आमच्या आजोळचा वाघ्या भाकरी आणि चहात बुडवलेली बिस्किटे खाऊन म्हातारा झाला’ हा युक्तिवादही त्याच जातीचा आहे. वाघ्या दिवसभर शेतात हिंडत होता, आणि त्याच गावातली जी कुत्री लवकर मेली त्यांची आठवण कोणी काढत नाही.

नंतर भाऊजींनी, बहुधा भरपाई म्हणून, धान्यविरहित बिस्किटांचे एक महागडे पाकीट कुरिअरने पाठवले. कुत्रा हा मूळचा लांडगा, त्याला धान्य पचत नाही, अशी त्यांची नवी भूमिका होती. तीही मला मान्य नाही. माणसाच्या सोबतीने राहून कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याहून कितीतरी वाढल्या आहेत, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. उलट, धान्याऐवजी वाटाणा, मसूर अशा कडधान्यांवर बेतलेल्या खाद्याचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. तो संबंध सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. पण ‘धान्यविरहित’ या एका शब्दासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारणही मला दिसत नाही. एखाद्या कुत्र्याला गव्हाची खरोखर ॲलर्जी असते, तो भाग वेगळा.

आता दुकानातल्या बिस्किटांविषयी. पाकिटाची पुढची बाजू पाहूच नये. तिथे हाडाचे चित्र असते, ‘खऱ्या कोंबडीची चव’ असते आणि हसरा कुत्रा असतो. मागे घटकांची यादी पाहावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली तीन-चार नावे बरेच काही सांगून जातात. त्यांत साखर, गूळ, ग्लुकोज सिरप किंवा काकवी असेल तर पाकीट परत ठेवावे. गूळ नैसर्गिक आहे ही सबब कुत्र्याच्या पोटाला कळत नाही. लसणाची पूड असलेली बिस्किटे मी घेत नाही, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि थोडे चालते का, या चर्चेत मला पडायचे नाही. लाल-हिरव्या रंगांची बिस्किटे आपल्यासाठी असतात. कुत्र्याला प्रामुख्याने निळा आणि पिवळा हेच रंग नीट ओळखता येतात, तेव्हा त्या लालीचे पैसे आपण स्वतःच्या डोळ्यांसाठी देतो. बिस्किटाने दात स्वच्छ होतात यावर विसंबू नये, ते काम ब्रशचे आहे. पोत्यातून किलोवर मिळणारी सुटी बिस्किटे तर पावसाळ्यात हमखास सादळतात, बुरशी धरतात, त्यांना ना यादी ना तारीख. आणि ज्या पाकिटावर उष्मांक छापलेले नाहीत ते मी विकत घेत नाही, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

तो हिशेब असा, की खाऊतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण गरजेच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत, असे पशुवैद्य सर्वसाधारणपणे सांगतात. तीस किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला १४० आल्या. कुत्र्यांची सुकी बिस्किटे बहुधा १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी देतात, म्हणजे सगळे मिळून पस्तीस-चाळीस ग्रॅम, तेही जेवणातून तेवढे कमी करून. बक्षिसासाठी अख्खे बिस्किट कधीही देऊ नये. त्याचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. ‘बैस’ म्हटल्यावर बसला की लगेच एक तुकडा मिळाला, यातच कुत्र्याचे समाधान असते. म्हणून कडक, जाड बिस्किटांपेक्षा हाताने सहज मोडणारी, लहान बिस्किटे शिकवण्यासाठी बरी.

लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक बोलते आहे, त्याला आधार आहे. सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकात बिघाड असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, त्यामुळे आपला कुत्रा केविलवाणा चेहरा करून बसला म्हणजे तो उपाशी आहे असे नव्हे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री साधारणपणे जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली. ‘बिचाऱ्याला दोन घास जास्त द्या’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एखादे ग्लुकोजचे बिस्किट चुकून पोटात गेले तर धावपळ करण्याची गरज नाही. त्यात वजनाच्या सुमारे पाव भाग साखर आणि बाकी बहुतांश मैदा असतो, तो वाईट आहे, विष नव्हे. वर दिलेले आकडे प्रौढ आणि निरोगी कुत्र्याचे आहेत. आपल्या कुत्र्याची नसबंदी झालेली नसेल किंवा तो खूप पळत असेल तर गरज थोडी जास्त असेल. स्वादुपिंडाचा दाह, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर माझे काहीही न ऐकता डॉक्टरांना विचारावे. आणि खरे सांगायचे तर बिस्किटच हवे असेही नाही. उकडलेल्या कोंबडीचे बिनमसाल्याचे बारीक तुकडे किंवा गाजराचे काप भुरीला अधिक आवडतात.

आमच्या घरी आता सकाळीच तिच्या दिवसभराच्या खाऊचा वाटा एका छोट्या डब्यात काढून ठेवलेला असतो. सासूबाईंपासून पाहुण्यांपर्यंत कोणीही त्यातून द्यावे. डबा संपला की त्या दिवसाचा खाऊ संपला. भाऊजींना हा नियम म्हणजे घरात रेशनिंग आणल्यासारखे वाटते, आणि त्यांचे म्हणणे वेगळे असल्यास त्यांनी याच प्रश्नाखाली स्वतंत्र उत्तर लिहावे.