लिंकन यांची खासदारकी दोनच वर्षांची का?

प्रश्न : अब्राहम लिंकन वकिली सोडून अमेरिकेच्या संसदेत गेले, पण मतदारांनी दोनच वर्षांत त्यांना घरी बसवले, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. लिंकन प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या दोन वर्षांची मुदत असलेल्या कनिष्ठ सभागृहात, एकदाच निवडून गेले हे खरे असले, तरी १८४८ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. इलिनॉय राज्याच्या सातव्या मतदारसंघात व्हिग पक्षाचे (त्या काळच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक) तीन उमेदीचे वकील होते : जॉन हार्डिन, एडवर्ड बेकर आणि लिंकन. जागा एक आणि इच्छुक तीन, म्हणून पाळीपाळीने एकेक मुदत घ्यावी असा समज पक्षात रूढ झाला. त्यानुसार १८४३ मध्ये हार्डिन आणि १८४४ मध्ये बेकर निवडून आले. हार्डिन यांना मग पुन्हा उमेदवारी हवीशी वाटू लागली, तेव्हा लिंकन यांनी पाळीचाच मुद्दा लावून धरला आणि १८४६ ची उमेदवारी मिळवली. ज्या शब्दाच्या बळावर जागा मिळाली, तो शब्द दोन वर्षांनी त्यांनीच मोडायचा कसा? दुसरे कोणीच इच्छुक नसेल तर लोकांना नकार देणार नाही, पण इतरांशी स्पर्धा करणे दिल्या शब्दाला धरून होणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी जानेवारी १८४८ मध्ये आपले वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यांना लिहिले.

व्याख्यात्यांचा गैरसमज कशातून झाला असावा, याचा मात्र अंदाज करता येतो. मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना डिसेंबर १८४७ मध्ये या नवख्या सदस्याने अध्यक्ष पोक यांना जाब विचारणारे ठराव मांडले. अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकी रक्त सांडले म्हणून युद्ध पुकारले असे अध्यक्ष म्हणतात, तर ती जागा नेमकी कोणती आणि ती खरोखर अमेरिकेची होती का, हे त्यांनी सांगावे, अशी ही मागणी होती. साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा वकील त्यात स्पष्ट दिसतो. प्रतिनिधिगृहाने ठरावांची दखल घेतली नाही, विरोधी वृत्तपत्रांनी टिंगल केली आणि हर्नडन यांनीही नापसंती कळवली. पुढे त्या जागेवर व्हिग पक्षातर्फे उभे राहिलेले स्टीफन लोगन, म्हणजे लिंकन यांचे आधीचे भागीदार, थोड्या मतांनी पडले. तो पराभव लोगन यांचा होता, पण त्याचा बोल लिंकन यांच्या भूमिकेलाही लागला.

‘वकिली सोडून’ हेही तितकेसे बरोबर नाही. १८३४ मध्ये ते इलिनॉयच्या विधानसभेत निवडून आले आणि वकिलीची सनद त्यांना त्यानंतर, १८३६ मध्ये मिळाली. शाळेत सगळे मिळून वर्षभरही न गेलेल्या या माणसाने कायदा उसन्या पुस्तकांवरून शिकून घेतला होता.

१८४९ मध्ये मुदत संपल्यावर त्यांनी केंद्र सरकारच्या जमीन खात्याचे प्रमुखपद मिळवण्याचा प्रयत्न केला, पण ते दुसऱ्याला मिळाले. ऑरेगनचे गव्हर्नरपद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले. मग पुन्हा वकिली. वर्षातून दोनदा न्यायाधीश आणि वकील यांचा तांडा एका जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्या गावी फिरे, त्यात लिंकन आठवडेच्या आठवडे घराबाहेर असत. इलिनॉय सेंट्रल रेल्वेसाठी त्यांनी करासंबंधीचा एक मोठा खटला जिंकला आणि कंपनीने फी देण्यास खळखळ करताच त्याच अशिलावर दावा लावून ५,००० डॉलर वसूल केले! वकील म्हणून ते किती पक्के होते हे मला त्यांच्या भाषणांपेक्षा या दाव्यातून अधिक कळते.

१८५८ मध्ये संसद सदस्यांच्या चरित्रकोशासाठी त्यांच्याकडे माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांनी मोजक्या ओळी लिहून पाठवल्या. शिक्षण सदोष, व्यवसाय वकिली, एका युद्धात स्वयंसेवकांचा कप्तान, एका अगदी लहान टपाल कचेरीचा पोस्टमास्तर, चार वेळा विधानसभेचा सदस्य, आणि शेवटी प्रतिनिधिगृहाचाही सदस्य होतो, एवढेच.