इराणमधल्या शिराझमध्ये दीड दिवस मिळाला, तर मशीद, बागा आणि फारसी कवी हाफिजची कबर कोणत्या क्रमाने बघावी?

क्रम नकाशावरून ठरवू नका, उन्हावरून ठरवा. शिराझमध्ये तीच जागा दोन तासांनी अगदी वेगळी दिसते.

पहिला मान नसीर-उल-मुल्क मशिदीचा, म्हणजे फोटोंत दिसणारी ती ‘गुलाबी मशीद’ (बांधकाम १८७६ ते १८८८). रंगीत काचांचं दालन अंगणाच्या पश्चिमेला आहे आणि काचा पूर्वेकडे तोंड करून. त्यामुळे रंग फक्त सकाळी पडतात. दार उघडतानाच तिथे हजर राहा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून रंग गालिच्यांवरून खांबांपर्यंत आत येतात. उन्हाळ्यात ऊन झटकन वर चढतं आणि रंग दारापाशीच आखडतात. दुपारी गेलेले लोक ‘फोटोत होतं तसं काहीच नव्हतं’ म्हणत परततात, ते यामुळेच. दालनात बूट काढावे लागतात.

तिथून नारंजिस्तान हा बाग असलेला जुना वाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. नारिंज म्हणजे कडू संत्रं. एप्रिलच्या उत्तरार्धात, इराणी उर्दीबेहेश्त महिन्याच्या सुरुवातीला, त्याच्या मोहोराचा वास शहरभर असतो. जायचं तर तेव्हाच जावं. मात्र २१ मार्चच्या आसपास सुरू होणारी नवरोजची, म्हणजे इराणी नववर्षाची सुट्टी टाळा, तेव्हा सगळा इराण फिरायला निघालेला असतो.

भर दुपार वकील बाजाराच्या छताखाली काढा. शेजारच्या वकील मशिदीत पिळाचे ४८ दगडी खांब आहेत. अठराव्या शतकातला शासक करीमखान याचा किल्ला बाहेरून पाहिला तरी पुरे. त्याचा एक बुरूज कलला आहे, कारण त्याच्या खाली हमामखाना होता आणि पाणी मुरून जमीन खचली.

एरम बागेत ऊन कललं की जा. फुलांपेक्षा पाणी बघा: मधल्या पाटातून ते उतारावर आपसूक वाहतं आणि वाड्यासमोरच्या हौदात संथ असतं. वाड्याचं प्रतिबिंब हवं असेल तर वारा नसायला हवा. उंच सरू वृक्ष ही इथली खरी श्रीमंती. २०११ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या नऊ इराणी बागांपैकी ही एक.

हाफिजची कबर मात्र रात्रीच. आठ खांबांवरच्या घुमटाखाली उभं राहून मान वर करा, घुमटाच्या आतलं रंगीत टाइलकाम बाहेरून दिसत नाही. लोक दगडावर बोटं टेकवून गझल म्हणतात, तेव्हा मधे कॅमेरा घालू नका. दाराशी पक्ष्याकडून हाफिजच्या ओळींची चिठ्ठी काढून देणारे असतात, आपल्या पोपटवाल्या ज्योतिषासारखेच. हाफिजला बहमनी दरबाराने दख्खनेत बोलावलं होतं आणि वादळ पाहून तो होर्मुझहून मागे फिरला, असं सांगतात.

उरलेल्या अर्ध्या दिवसात पर्सेपोलिस, म्हणजे प्राचीन इराणी राजधानीचे अवशेष, साधारण ६० किलोमीटर. पहाटे निघा, अवशेषांच्या चौथऱ्यावर सावली जवळपास नाही.

पैशांचं: आपली कार्डं चालत नाहीत, डॉलर किंवा युरो रोख न्या. किंमत तोमानमध्ये सांगतात आणि नोटेवर रियाल असतो. १ तोमान म्हणजे १० रियाल, तेव्हा प्रत्येक वेळी विचारून घ्या. व्हिसाचे नियम आणि सुरक्षेच्या सूचना तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा, जुन्या माहितीवर विसंबू नका. स्त्रियांनी डोक्यावर ओढणी ठेवावी. शाह चराग दर्ग्यात त्यांना अंगभर पांघरायची चादर लागते, ती दाराशी मिळते.