सिगार आणि ती घोषणा

प्रश्न : बॉस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक रेड आवरबाख सामना संपायच्या आधीच बाकावर बसून सिगार पेटवत, असं वाचलं. समोरच्या संघाला असं डिवचणं खेळात बसतं का? माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते, म्हणून विचारते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बावीस वर्षं मी शाळेतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवला आणि आवरबाख यांच्यावर माझा जीव आहे. तरी ती सिगार मला कधीच आवडली नाही. सामना खिशात आला की ते ती पेटवायचे. समोरची पोरं तेव्हा अजून धावत असायची. हरणाऱ्याला शेवटच्या भोंग्यापर्यंत झुंजू द्यावं.

बॉस्टन गार्डन या सेल्टिक्सच्या घरच्या मैदानातल्या पाहुण्या संघाच्या खोलीचंही तसंच. नळाला गरम पाणी नाही, खोली नुसती भट्टी, अशा तक्रारी पाहुणे संघ करत राहिले. आवरबाख यांनी कानांवर हात ठेवले, पण पाहुण्यांचा संशय मात्र तसाच राहू दिला. नळाच्या विचारात गुंतलेला खेळाडू अर्धा हरलेलाच असतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा खरा डाव मी १९६६चा मानतो. हा आपला शेवटचा हंगाम, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. अंतिम मालिकेतला पहिला सामना समोरच्या लॉस एंजेलिस लेकर्स संघानं बॉस्टनमध्येच, जादा वेळेत जिंकला. आता सगळीकडे लेकर्सचाच गाजावाजा होणार, तेवढ्यात आवरबाख यांनी जाहीर केलं : पुढचा प्रशिक्षक आपलाच खेळाडू बिल रसेल! एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. लेकर्सचा विजय बातम्यांत मागे पडला. सातवा सामना बॉस्टननं ९५-९३ असा जिंकला. ते सलग आठवं विजेतेपद. या डावात कुणाचा अपमान नव्हता, उलट आपल्याच खेळाडूचा मान होता. असा डाव खेळात शंभर टक्के बसतो.

आणि मुलीसाठी एक. आवरबाख आपल्या संघातल्या टॉम हाइन्सनवर सगळ्यांदेखत ओरडायचे, कारण तो ते झेलायचा आणि बाकीचे आपोआप ताळ्यावर यायचे. त्याच संघातल्या बॉब कूझीला त्यांनी तसं कधी वागवलं नाही. तुमची मुलगी हाइन्सनसारखी आहे की कूझीसारखी, हे तिच्या सरांना माहीत आहे का, तेवढं एकदा त्यांना भेटून विचारा.