दरवर्षी खोल नांगरट करूनही तण का हटत नाही?

तुम्ही लिहिलंय की दरवर्षी खोल नांगरट करता, रोटाव्हेटर मारता, दोनदा खुरपणी होते तरी तण वाढतंय आणि उतारा (पिकाचं उत्पन्न) घटतोय, मग अजून खोल नांगरू का. माझं स्पष्ट मत, नको. मी स्वतः शेती करतो आणि मला सगळ्यात उशिरा समजलेली गोष्ट हीच की तणाचा खरा साठा वर दिसतो त्यात नसतो, मातीत असतो. अमेरिकेत विल्यम बील नावाच्या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणांचं बी बाटल्यांत भरून पुरून ठेवलं होतं, त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली तर थोडं बी तेव्हाही उगवलं! म्हणजे नांगराने गाडलेलं बी मेलं असं धरू नका, पुढच्या वर्षी तोच नांगर ते वर आणतो आणि बऱ्याच बारीक बियांना तर उगवायला माती हलताना मिळालेला क्षणभर उजेडही पुरतो.

हराळी (जमिनीखाली पसरणारं चिवट गवत) असेल तर ओल्या रानात रोटाव्हेटर घालूच नका, तुकडा तुकडा डोळ्यावर फुटतो आणि एका कोपऱ्यातली हराळी रानभर होते. तिच्यासाठी मात्र उन्हाळ्यात एकदा खोल नांगरून ढेकळं तापू द्यायची आणि काशा (तिची जमिनीतली खोडं) वेचून बाहेर काढायच्या, एवढी एक नांगरट मी मान्य करतो.

बाकी रानात पेरणीची घाई न करता आधी पावसावर नाहीतर पाणी देऊन तण उगवू द्या, दोन-चार पानांवर आलं की वाफशावर, म्हणजे माती ना ओली ना कोरडी असताना, वखराची उथळ पाळी घाला, दोन इंचाच्या खाली नको नाहीतर खालचं नवीन बी वर येतं, आणि लगेच पेरा. पेरणी थोडी पुढे जाते हे खरं, पाऊसमान कमी असेल तर विचार करून करा.

उताऱ्याचं म्हणाल तर पिकाच्या एकूण दिवसांपैकी पहिला तिसरा हिस्सा साधारण सगळं ठरवतो, शंभर दिवसांचं पीक असेल तर पहिले तीस-पस्तीस दिवस रान स्वच्छ पाहिजे, त्यानंतर कितीही खुरपलं तरी गेलेला उतारा फारसा भरून येत नाही. पहिली कोळपणी (ओळींमधलं तण अवजाराने काढणं) लांबली की संपलं. आणि युरिया फोकून टाकत असाल तर दोन ओळींमधलं तण फुकटात खातंय, खत ओळीत पेरून द्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा, कच्च्यातून बी येतंच येतं. पिकाची फेरपालट करा, आणि तणनाशक मारतच असाल तर दरवर्षी तेच ते नको, त्याला न मरणारं तण मागे उरतं आणि तेच वाढत जातं.

उशिरा उगवलेलं तण या वर्षीच्या उताऱ्याला फार धक्का देत नाही म्हणून लोक सोडून देतात, माझं म्हणणं ते सुद्धा फुलात यायच्या आत उपटा, बांधावरचं पण, नाहीतर त्याचं बी मातीतल्या साठ्यात भर घालतं.