अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलतात. याला काही नियम आहेत का, एकजण किती वर्षं खेळू शकतो, की सगळा बाजार झालाय?

‘बाजार’ हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. माझ्या थोरल्या दिरांनी गणपतीच्या पंगतीत, फुटबॉलसाठी कॉलेज बदललेल्या माझ्या मुलाबद्दल हाच शब्द वापरला होता. सासूबाई समोर होत्या, वाढप चालू होतं, म्हणून तेव्हा काही बोलले नाही.

नियम आहेत, आणि भरपूर आहेत. पात्रतेचं मूळ गणित जुनंच आहे: पाच वर्षांत चार हंगाम. कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून नाव घातलं की घड्याळ सुरू होतं. मग तुम्ही मैदानात उतरा, बाकावर बसा, नाहीतर शिक्षण अर्धवट सोडून घरी जा. लष्करी सेवा, धर्मप्रचाराचं मिशन, गरोदरपण अशी मोजकी कारणं सोडली तर ते थांबत नाही. न खेळता काढलेल्या वर्षाला रेडशर्ट म्हणतात. २०१८ पासून फुटबॉलमध्ये चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी रेडशर्ट शाबूत राहतं. २०२० चा कोविडमधला हंगाम कुणाच्याच खात्यात धरला नाही, त्यामुळे मधली काही वर्षं सहाव्या वर्षाचे दाढीवाले बाप्ये मैदानात दिसत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) डिएगो पाविया कोर्टात गेला. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात (आपली अकरावी-बारावी नव्हे) खेळलेले हंगाम माझ्या चारांत का मोजता, असा त्याचा सवाल होता. डिसेंबरमध्ये कोर्टानं त्याच्या बाजूनं अंतरिम हुकूम दिला आणि एनसीएएनं (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था) त्याच्यासारख्या इतरांनाही एक वर्ष वाढवून दिलं.

आता कॉलेज बदलण्याचं. २०१८ च्या आधी खेळाडूला दुसऱ्या कॉलेजशी बोलायला स्वतःच्या कॉलेजची परवानगी लागायची. आपल्याकडे रणजी खेळाडूला दुसऱ्या राज्याकडून खेळायचं तर आधीच्या संघटनेचं ना-हरकत लागतं, तसंच. (२०२५ मध्ये यशस्वी जयस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत मागितलं आणि पुढे मागणी मागे घेतली, ते आठवत असेल.) अमेरिकेत कोचच्या मनात नसेल तर तो चक्क नाही म्हणायचा. मग पोराला नव्या ठिकाणी पहिलं वर्ष शिष्यवृत्तीही मिळत नसे. १५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची ऑनलाइन यादी) सुरू झालं आणि परवानगीचा विषय संपला. खेळाडूनं लेखी कळवायचं, कॉलेजनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर टाकायचं, की बाकीचे कोच त्याच्याशी बोलायला मोकळे.

तरीही नव्या जागी एक वर्ष न खेळता बसायची सक्ती होतीच. कारण काय सांगायचे, तर मुलाला नव्या ठिकाणी अभ्यासात रुळायला वेळ मिळावा. हे कारण मला कधीच पटलं नाही. ही सक्ती फक्त पाच खेळांना होती: फुटबॉल, पुरुषांचं आणि महिलांचं बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी. पोहणारी किंवा टेनिस खेळणारी मुलगी कॉलेज बदलून लगेच खेळू शकायची. तिला रुळायला वेळ नको होता का? खेळाडू जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदलायची मुभा सगळ्या खेळांना मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायाधीशांनी दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना बसवण्यावरही रोक आणली, आणि एप्रिल २०२४ पासून कितीही वेळा बदला, अट एकच: अभ्यासाची पात्रता हवी.

ही शेवटची अट सगळे एका दमात म्हणून टाकतात. आमचं घर मात्र तिच्यावरून कित्येक महिने झोपलं नव्हतं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा लहानपणापासून सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, खेळायचा. हायस्कूलच्या फुटबॉल कोचनं त्याचा पाय बघितला आणि त्याला किकर केलं, म्हणजे फक्त चेंडूला लाथ मारायला मैदानात येणारा खेळाडू. टेक्सासमध्ये शुक्रवारच्या रात्रीच्या हायस्कूल सामन्यांना गाव लोटतं. त्या गर्दीत साताऱ्याहून आलेली माझी आई शाल गुंडाळून बसायची आणि नातू कधी येतो म्हणून विचारत राहायची, कारण किकर येतो आणि दोन सेकंदांत परत जातो. २०२१ मध्ये तो एका मोठ्या सरकारी विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून गेला, म्हणजे संघात जागा पण शिष्यवृत्ती नाही. फी आमची, घाम त्याचा. विषय मेकॅनिकल इंजिनीअरिंग. पहिलं वर्ष रेडशर्ट. दुसऱ्या वर्षी काही सामन्यांत किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) मारायला मिळाले आणि हंगाम संपता संपता मुख्य कोचला काढलं. नवा कोच आला तो स्वतःचा किकर पोर्टलमधून घेऊन. आमच्या मुलाला कुणी जा म्हणालं नाही. फक्त सरावात त्याच्या वाट्याला किक यायच्या बंद झाल्या.

तो पोर्टलमध्ये गेला. एका लहान कॉन्फरन्समधल्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) विद्यापीठाच्या स्पेशल टीम्सच्या, म्हणजे किकचे डाव सांभाळणाऱ्या, कोचचा फोन आला. माणूस चांगला होता, गोड बोलायचा. ‘क्रेडिट? सगळी येतील, काळजी नको,’ असं त्यानं मला सांगितलं. (पास झालेला प्रत्येक विषय डिग्रीसाठी जेवढा मोजतात, ती क्रेडिट.) मी म्हटलं, हे रजिस्ट्रारकडून लेखी द्या. यांना वाटलं मी उगीच घोळ घालतेय, संधी हातची जाईल. मुलगाही माझ्यावर चिडला होता. मी हटले नाही.

नियम असा आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के, पाचव्याच्या सुरुवातीला ८० टक्के. आणि टक्के मोजायचे ते नव्या कॉलेजच्या, तुम्ही निवडलेल्या डिग्रीचे. जुन्या ठिकाणी किती शिकलात याच्याशी देणंघेणं नाही. क्रेडिट ‘स्वीकारणं’ आणि क्रेडिट ‘डिग्रीत धरणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोच पहिलीबद्दल बोलत असतो, पात्रता दुसरीवर ठरते.

लेखी उत्तर आलं तेव्हा कळलं की मुलाच्या तीन सेमिस्टरच्या अभ्यासातली फक्त ३१ क्रेडिट मेकॅनिकलच्या डिग्रीत बसत होती. स्टॅटिक्सचा कोर्स त्यांनी मोकळ्या इलेक्टिव्हमध्ये टाकला, कारण त्यांच्याकडे तो वेगळ्या क्रमानं शिकवतात. हायस्कूलमध्येच कॉलेजची क्रेडिट मिळवून देणाऱ्या एपी परीक्षांपैकी दोन त्यांच्या गुणांच्या अटीत बसल्या नाहीत. डिग्री १२५ क्रेडिटची, म्हणजे ऑगस्टपर्यंत ५० हवीत. गणित मांडलं: वसंत सेमिस्टरमध्ये १३, उन्हाळ्यात ६. बरोबर ५०. एका विषयात नापास झाला तर हंगाम गेला.

आता कोचची दुसरी सूचना आली. मेकॅनिकल सोड, जनरल स्टडीज घे, त्यात सगळी क्रेडिट बसतात, डोक्याला ताप नाही. यांनी मान डोलावली. दिरांचा न्यू जर्सीहून फोन आला, त्यांचं म्हणणं त्याच्याही पुढचं: एवढं खेळायचं वेड आहे तर इंजिनीअरिंगचं नाटक तरी कशाला? आमच्या घराण्यात अशी धरसोड कुणी केली नाही.

मी मुलाला एवढंच विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, दोन्ही. मग दोन्ही करू. आम्ही अभ्यासक्रमांची पानं आणि जुन्या असाइनमेंट गोळा करून स्टॅटिक्ससाठी विभागप्रमुखांकडे फेरविचाराचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. तरी अर्ज करावा असंच मी सगळ्यांना सांगते, काही ठिकाणी तो मंजूर होतो. उन्हाळ्यात सगळे मित्र घरी आणि हा सकाळी वजनं उचलून दुपारी डिफरन्शियल इक्वेशन्सच्या वर्गात. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसनं (नियम पाळले जातात का ते बघणारं) पात्र म्हणून शिक्का मारला आणि त्या हंगामात पहिल्या सामन्यापासून तो फील्ड गोल (किक मारून मिळवायचे गुण) मारायला उतरला. २०२५ मध्ये मेकॅनिकलची डिग्री घेतली, त्याच शरद ऋतूत चौथा आणि शेवटचा हंगाम खेळला. याला धरसोड म्हणणाऱ्याशी मला भांडायचंच आहे.

कारण धरसोड बघायची तर कोचांकडे बघा. नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेला, त्याच आठवड्यात ब्रायन केली नोटर डेम सोडून एलएसयूला. दोघांपैकी कुणाला वर्षभर बाजूला बसवलं नाही. आमच्या टेक्सासमध्ये २०२३ साली ए अँड एम विद्यापीठानं कोच जिम्बो फिशरला काढलं, आणि करार मोडल्याबद्दल विद्यापीठ त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. त्याला कुणी बाजारू म्हणालं का? एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याच्या फीचा चेक त्याचे आईबाप फाडतात, तो मैदान मागायला दुसरीकडे गेला की निष्ठा आठवते.

क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डचं उदाहरण मी दिरांना दिलं होतं. तो २०१३ मध्ये टेक्सास टेकमध्ये वॉक-ऑन होता, शिष्यवृत्ती नव्हती. ओक्लाहोमाला गेला तर त्याला २०१४ चं अख्खं वर्ष बसवलं, वर एकाच कॉन्फरन्समध्ये बदल केला म्हणून पात्रतेचं एक वर्षही कापलं. ज्या कॉलेजनं त्याला छदाम दिला नव्हता, ते सोडल्याची ही शिक्षा. २०१६ मध्ये त्या कॉन्फरन्सनं, बिग १२ नं, वॉक-ऑनांसाठी नियम बदलला, वर्ष परत मिळालं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी २०१७ ची हाइझमन ट्रॉफी त्यानं जिंकली. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या टेझ वॉकरला तर आधीच्या एका कॉलेजात कोविडमुळे हंगामच झाला नव्हता, तरी दोनदा बदलला म्हणून आधी अपात्र ठरवलं. ऑक्टोबर उजाडल्यावर मंजुरी मिळाली, तोवर चार सामने गेले होते. अशा पोरांना बाजारू म्हणायला जीभ कशी वळते?

दिरांना अजून एक विचारायचं राहिलं होतं, ते इथे विचारते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी बदलायची तर पूर्वी नव्या कंपनीचा अर्ज मंजूर होईपर्यंत थांबावं लागे. ऑक्टोबर २००० च्या कायद्यानं अर्ज दाखल झाला की रुजू होता येऊ लागलं. भाऊजी, तुम्ही त्या सवलतीवर पगार बघून कंपन्या बदलल्यात आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्यात काही गैर नव्हतं. तेच माप पुतण्याला लावा.

पैसा आलाय, ते खरं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातल्या (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेला) तडजोडीला अंतिम मंजुरी दिली, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; त्या पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. पण त्याच तडजोडीत फुटबॉल संघाची मर्यादा १०५ झाली. आधी ८५ शिष्यवृत्त्या आणि वर हवे तेवढे वॉक-ऑन असत. म्हणजे पैसा वरच्यांना आणि गच्छंती आमच्यासारख्यांच्या पोरांना. जे आधीपासून संघात होते त्यांना १०५ च्या मर्यादेत न मोजण्याची सोय विल्केन बाईंनी आग्रहानं करून घेतली म्हणून त्या वसंतात बऱ्याच घरांनी श्वास सोडला, आमचंही त्यात आलं. पुढच्या पिढीच्या वॉक-ऑनना ती सोय नाही, आणि मला हे फार लागतं.

तुमच्या ओळखीतलं कुणी खरंच बदलायच्या विचारात असेल, तर निष्ठेवर प्रवचन देऊ नका. नव्या कॉलेजकडून डिग्रीत किती क्रेडिट धरणार ते लेखी घ्यायला सांगा, तेही होकार देण्याआधी.

काही गोष्टी घाईत राहिल्या. पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं कॉलेज त्या सत्राच्या शेवटी शिष्यवृत्ती बंद करू शकतं, आणि नवी जागा मिळेलच असं नाही. फुटबॉलमध्ये पोर्टलला नाव देण्याची मुदत २०२६ पासून एकच, २ ते १६ जानेवारी. कोच गेला तर वेगळी मुदत मिळते. मी सांगितलेले टक्के डिव्हिजन वनचे, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यांत वरच्या गटाचे आहेत, डिव्हिजन टू आणि थ्रीचे नियम निराळे. कोर्टाचे निकाल सारखे येतात, तेव्हा निर्णय कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला विचारूनच. आमचा मुलगा इथेच जन्मलेला, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न आम्हाला आला नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलानं मात्र जाहिरातीच्या पैशाला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं, कारण त्या व्हिसावर कामावर कडक बंधनं आहेत. आणि कॉलेज बदलताना सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नव्याकडे सोडवून घ्यावं लागतं, ते फुटबॉलचा कोच करून देत नाही.